हाकेचं उत्तर कानात असतं : पुण्यातल्या तीन घरांतल्या मांजरांच्या प्रकल्प नोंदी

शनिवार, ६ जुलै २०२४

आखणीचा दिवस. प्रश्न एकच ठेवला: घरच्या माणसाची हाक आणि परक्याची हाक यांत मांजर फरक करतं का, आणि करत असेल तर तो त्याच्या अंगावर कुठे दिसतो?

पाया म्हणून आत्सुको साइतो आणि काझुताका शिनोझुका यांची २०१३ सालची जपानमधली पद्धत घेतली. वीस मांजरं, प्रत्येक आपापल्या घरी. माणूस दिसत नाही, नुसता आवाज येतो. पहिल्या तीन हाका अनोळखी माणसांच्या, चौथी घरच्या माणसाची, पाचवी पुन्हा अनोळखी. परके आवाज ओळीनं ऐकून मांजराचं लक्ष उतरत जातं. चौथ्या हाकेला ते परत वर आलं तर आवाज ओळखला असं धरायचं. त्या मांजरांनी आवाज ओळखला. आमच्यासाठी त्याहून मोलाची गोष्ट अशी की उत्तर आलं ते मुख्यतः कानांतून आणि मानेतून. तोंडानं किंवा शेपटीनं फारसं नाही. ‘आमचं मांजर ऐकतच नाही’ म्हणणारं माणूस मांजराचे पाय बघत असतं, ते उठून आलं का एवढंच. म्हणून या प्रकल्पातला कॅमेरा कानांवर राहील.

घरं आणि मांजरं (सगळी गावठी, सगळ्यांची नसबंदीची ऑपरेशनं झालेली):
घर क, कर्वेनगर, दुसरा मजला: मनी (७ वर्षं), चिंगी (दीड वर्ष).
घर ध, धायरी, बैठं घर, वर पत्रा: बोक्या (४), काळू (२).
घर स, सिंहगड रस्ता, चौथा मजला: तांबू (५), कापूस (३, पांढरीशुभ्र, डोळे निळे).

वेळ सकाळी साडेदहा ते साडेअकरा. मांजरं पहाटे आणि तिन्हीसांजेला सर्वांत तरतरीत असतात, पण पहाटे कुकर-मिक्सर चालू असतो आणि संध्याकाळी नदीकाठी ढोल-ताशा पथकांचा सराव सुरू झाला आहे. साडेदहाला धुणंभांडी, फरशी उरकून मावशी गेलेल्या असतात. मांजर पडलेलं पण डोळे उघडे, अशी अवस्था मिळाली तरच सत्र घ्यायचं. गाढ झोपेतल्या किंवा अंग चाटत बसलेल्या मांजरावर हाक वाया घालवायची नाही, कारण पहिली हाक पुन्हा पहिली करता येत नाही.

रविवार, ७ जुलै

हाकांची यादी. घरच्यांना ‘तुम्ही कशी हाक मारता?’ विचारलं की एकच नाव सांगतात. कागद-पेन फ्रिजवर लावून दोन दिवस जे तोंडातून निघेल ते लिहायला सांगितलं होतं. मनीच्या कागदावर आलं: मनी, मने, मनुली, मनूबाई, ‘ये गं मने’, आणि ताटली ठेवताना नुसतं ‘पिस् पिस्’. मराठीत हाक मारताना नावाचं रूपच बदलतं. मनीची मने होते, बोक्याला ‘बोक्याऽ’ असा हेल लागतो, मागे ‘गं’ किंवा ‘रे’ येतो. वहीतलं नाव ध्वनिमुद्रित केलं असतं तर मांजराला ते घरच्या आवाजातही नवखंच वाटलं असतं.

ठरलं: आवाज ओळखायच्या चाचणीत यादीत सर्वांत जास्त वेळा आलेलं रूप घ्यायचं आणि परक्या माणसांनाही तेच रूप, तोच हेल शिकवायचा. ‘पिस् पिस्’ बाद. त्यात आवाजाचा पोत जवळजवळ उरत नाही आणि ते जेवणाशी बांधलेलं आहे.

शनिवार, १३ जुलै

ध्वनिमुद्रण. फोन तोंडापासून ३० सेंटीमीटरवर, किंचित बाजूला, म्हणजे ‘प’, ‘ब’चा फुंकर थेट माइकवर बसत नाही. बोलणाऱ्याच्या मागे दोरीवर दोन गोधड्या. फरशी आणि भिंतींमुळे आवाज घुमतो, आणि घुमलेला आवाज स्पीकरमधून पुन्हा त्याच खोलीत सोडला की दुप्पट घुमतो. पंखा बंद, फ्रिजचा कॉम्प्रेसर थांबेपर्यंत वाट.

प्रत्येक घरासाठी चार परके आवाज, घरच्या माणसाच्याच लिंगाचे आणि साधारण वयाचे. साठीच्या बाईंसमोर पंचविशीतला पुरुष ठेवला तर मांजर माणूस ओळखतं की आवाजाची पट्टी, ते कळणार नाही.

फोन समोर धरला की घरचं माणूस बातम्या वाचल्यासारखं बोलतं. पहिले दोन-तीन प्रयत्न सगळ्यांचे असेच गेले. मांजर दुसऱ्या खोलीत बंद करून, त्याच्या नेहमीच्या जागेकडे तोंड करून आठ-दहा वेळा हाक मारायला लावली आणि शेवटच्या तीनमधली एक निवडली.

फायली डब्ल्यूएव्ही, ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिट. सगळ्या हाका ऑडेसिटी या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये उणे २३ एलयूएफएसवर (कानाला जाणवणाऱ्या मोठेपणाचं माप) सारख्या केल्या. आधी नुसती टोकाची उंची जुळवली होती, ती चूक. एखाद्या हाकेत एकच अक्षर जोरात असलं की बाकीची हाक दबते आणि त्या माणसाचा आवाज लांबून आल्यासारखा वाटतो. जाणवणारा मोठेपणा सारखा करायचा असतो, शिखर नव्हे.

रविवार, १४ जुलै

ऐकू येतं का, याची तपासणी. मांजराची श्रवणकक्षा साधारण ४८ हर्ट्झ ते ८५ किलोहर्ट्झ, आपली २० किलोहर्ट्झला संपते. म्हणून खुळखुळणारी किल्ली किंवा चुरगळणारी पिशवी मुद्रित करून वाजवण्यात अर्थ नाही. त्यातला वरचा सगळा भाग मुद्रणात कापला जातो. ही तपासणी खऱ्या वस्तूनंच करायची.

कृती: मांजराच्या मागे, नजरेआड, दोन मीटरवर. हात लांब ठेवून बटर पेपर चुरगळायचा. वारा अंगावर जाता कामा नये, पाय जमिनीवर आपटता कामा नये, आरशात किंवा टीव्हीच्या काळ्या पडद्यात प्रतिबिंब दिसता कामा नये. मिनिटभराच्या अंतरानं तीनदा. कान हलला की पुरे.

पाच मांजरांचे कान लगेच वळले. कापूसचे तिन्ही वेळा जागचे हलले नाहीत. पांढरी फर आणि दोन्ही डोळे निळे अशा मांजरांत जन्मजात बहिरेपणाचं प्रमाण बरंच असतं. ‘ती फार मोठ्यानं ओरडते’ ही घरच्यांची तक्रारही त्याच्याशी जुळते, कारण तिला स्वतःचा आवाजही ऐकू येत नसावा. पक्कं निदान डॉक्टरांकडच्या तपासणीनंच होईल. हाकेच्या चाचणीतून कापूस बाहेर.

तिच्यासाठी वेगळी खूण: समोरून यायचं आणि खोलीतला दिवा दोनदा बंद-चालू करायचा. पाय आपटायची सूचना घरच्यांना कुणीतरी दिली होती. सिमेंटच्या स्लॅबवर त्याचा कंप तिच्यापर्यंत पोचतच नाही. ती लाकडी पलंगावर असेल तर पलंगाच्या काठावर बोटांनी टकटक केली की पोचतो. झोपेत मागून हात लावायचा नाही, दचकून पंजा बसतो. गच्ची आणि जिना कायमचा बंद.

शनिवार, २० जुलै

घर क, पहिलं सत्र. वाया गेलं. बिनतारी स्पीकर दोन हाकांमधल्या ३० सेकंदांच्या शांततेत झोपी जातो आणि पुढची हाक आली की जागा होताना सुरुवातीचं अक्षर गिळतो. ‘मने’चं नुसतं ‘ने’ वाजलं. त्यात जोडणी होताना स्पीकर स्वतःच टुंग करून बोलतो. मनी तिथंच उठून बसली आणि पुढच्या सगळ्या हाकांना स्पीकरकडे टक लावून राहिली.

दुरुस्ती: ३.५ मिलिमीटरची तार. चार्जर काढलेला, कारण चार्जर आणि तार दोन्ही असली की बारीक कूंऽ आवाज येत राहतो. पाच हाका एकाच फाइलीत: आधी १० सेकंद, मग हाक, ३० सेकंद, हाक असं करत शेवटच्या हाकेनंतर ३० सेकंद. सव्वा सेकंदाची हाक धरली तर एकूण पावणेतीन मिनिटांच्या आसपास. मधल्या जागेत पूर्ण शांतता नाही, उणे ५० डेसिबलची मंद खरखर भरली. ती खोलीच्या आवाजात ऐकू येत नाही, पण स्पीकर जागा राहतो. स्पीकर मांजराच्या पाठीमागच्या बाजूला, तीन मीटरवर, पडद्याआड, आणि आदल्या दिवसापासून तिथंच. नवी वस्तू खोलीत आली की मांजर तिची तपासणी करतं, हाक ऐकत नाही.

आवाज मांजराच्या जागी ६० ते ६५ डेसिबल. फोनवरचं मोजणी-ॲप खरा आकडा देत नाही, पण एकच फोन तिन्ही घरांत वापरला तर घरं एकमेकांशी जुळवता येतात.

मनीचं पुढचं सत्र दोन आठवड्यांनी. एका मांजराला आठवड्यातून एकापेक्षा जास्त सत्र नाही.

गुरुवार, २५ जुलै

घर सचं सत्र रद्द. खडकवासल्यातून विसर्ग वाढवला, सिंहगड रस्त्याला एकतानगरीत पाणी शिरलं. मांजरं घरात सुखरूप. पुढचे दोन आठवडे त्या घरात काहीही घ्यायचं नाही.

रविवार, २८ जुलै

कॅमेरे. दोन फोन. एक समोर, मांजराच्या डोळ्यांच्या उंचीवर, दीड मीटरवर. दुसरा वरून, कपाटावरून, मांजर कुठे जातं त्यासाठी. समोरचा सेकंदाला ६० चौकटींवर. ३० चौकटींत कानाची पहिली हालचाल दोन चौकटींच्या मध्ये हरवते, ६० मध्ये दर चौकट १६.७ मिलिसेकंदांची पडते. तीन मीटरवरून आवाज पोचायला ९ मिलिसेकंद लागतात, म्हणजे एका चौकटीहून कमी; ती दुरुस्ती सोडून दिली.

वीज ५० हर्ट्झची असल्यानं काही एलईडी दिव्यांखाली चित्रात आडव्या पट्ट्या सरकतात. शटर १/१०० वर बांधला की जातात. काळू काळाकुळकुळीत, पांढऱ्या भिंतीसमोर फोन आपोआप उजेड कमी करतो आणि कान-डोकं एकच काळा गोळा होतं. त्याच्यामागे खाकी चादर टांगली आणि त्याच्या डोक्यावर बोट दाबून उजेड पक्का केला. आता कानाच्या आतली फिकी बाजू वळताना दिसते.

चित्र आणि आवाज जुळवायला टाळी वाजवायची नाही. टाळीनंच मांजर सावध होतं. फोनच्या माइकवर हाक आलेली असतेच, तिच्या सुरुवातीवरून जुळवायचं.

शनिवार, ३ ऑगस्ट

घर क, मनी. घरच्या बाई चप्पल घालून, दाराची कडी लावून खाली गेल्या. त्यानंतर १० मिनिटं थांबलो. हे थांबणं गाळलं तर मांजर दाराशीच बसलेलं असतं. चिंगी आतल्या खोलीत बंद, नाहीतर एक मांजर दुसऱ्याचे कान बघून वळतं.

मनी दिवाणाच्या कोपऱ्यात, पुढचे पाय छातीखाली दुमडून, डोळे अर्धे उघडे.
हाक १, परकी: दोन्ही कान वळले, पाठोपाठ मान. स्पीकरच्या दिशेनं दोन सेकंद.
हाक २, परकी: दोन्ही कान मागे फिरले, मान जागेवर.
हाक ३, परकी: डावा कान अर्धवट, लगेच परत. डोळे मिटत आले.
हाक ४, घरची: नवव्या चौकटीत, म्हणजे साधारण १५० मिलिसेकंदांत, उजवा कान. मग दुसरा. मग डोकं वर, बाहुल्या मोठ्या. आधी स्पीकरकडे, तिथून दाराकडे, आणि दाराकडे सहा सेकंद. उठली नाही, आवाज केला नाही, शेपूट हलवली नाही.
हाक ५, परकी: दोन्ही कान, मान नाही.

दाराकडे बघणं खूप बोलकं आहे. आवाज आला पडद्यामागून, माणूस गेलं होतं दारातून. क्योतो विद्यापीठात साहो ताकागी आणि सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये दाखवलं की मालकाचा आवाज आधी एका जागेहून आणि लगेच भलत्याच जागेहून आला की मांजरं चकित होतात; म्हणजे न दिसणारं माणूस कुठे असेल याचा हिशोब ती मनात ठेवतात. मनीच्या एका नजरेवरून तेवढं म्हणता येणार नाही. पण वरच्या कॅमेऱ्यात दार यायलाच हवं, हे ठरलं. आज ते अर्धंच आलं होतं.

हे सगळं समोर बसून नुसत्या डोळ्यांनी बघितलं असतं तर ‘ढिम्म हलली नाही’ असंच लिहिलं गेलं असतं.

रविवार, ११ ऑगस्ट

घर ध. पत्र्यावर पावसाची सर आली की खोलीत हाकेपेक्षा पाऊस मोठा. काळूचं सत्र दोन सरींच्या मध्ये झालं, तिसरी हाक बुडाली. रद्द. या घरात पाऊस ओसरल्याशिवाय जायचं नाही. आवाज वाढवून पावसावर मात करायची नाही, ८० डेसिबलची हाक म्हणजे ओरडणं आणि मांजर पळतं.

बोक्या पाचही हाकांना गप्प. कान बाजूला पडलेले, डोळे बारीक, मान खांद्यांच्या रेषेखाली. हे ‘लक्ष नाही’सारखं दिसत नव्हतं. माँट्रियलला तयार झालेली मांजराच्या चेहऱ्यावरून वेदना मोजायची पट्टी लावली: कान, डोळे, मुस्कटाचा ताण, मिशा, डोक्याची जागा; प्रत्येकाला ० ते २, एकूण १०. चार किंवा जास्त आले की वेदनेवर उपचार हवा असं धरतात. दोघांनी वेगवेगळे गुण दिले, दोन्ही चारच्या वर. घरच्यांच्या मते तो दोन दिवस कोरडं खाणं सोडून नुसता रस्सा चाटत होता. तसेच डॉक्टरांकडे नेला. हिरड्या सुजलेल्या निघाल्या.

नोंद: नेहमी प्रतिसाद देणारं मांजर अचानक गप्प झालं की आधी दुखणं शोधायचं. बोका वाळूच्या ट्रेमध्ये वारंवार बसून कुंथत असेल आणि लघवी होत नसेल तर दुसऱ्या दिवसाची वाट बघायची नाही, तो अडला असू शकतो आणि तासांचा प्रश्न असतो. बोक्याच्या सत्राचे गुण धरायचे नाहीत.

शनिवार, १७ ऑगस्ट

गुणांकन. प्रत्येक हाकेभोवतीची १० सेकंदांची फीत कापली, आवाज पूर्ण काढला. तिसऱ्या माणसानं फायलींची नावं उलटसुलट केली, म्हणजे गुण देणाऱ्या दोघांना हाक कुणाची ते कळत नाही. आवाजासकट बघितलं की घरच्या हाकेला अर्धा गुण जास्त पडतोच, कितीही प्रामाणिकपणे बघा.

पट्टी: ० काही नाही, १ एक कान, २ दोन्ही कान, ३ मान वळली, ४ उठलं. फरक एकाहून जास्त असेल तर दोघांनी मिळून पुन्हा बघायचं. मनीच्या पहिल्या आणि चौथ्या हाकेला ३-३ पडले, आणि खरा फरक तर दोन सेकंद आणि सहा सेकंदांचा होता. म्हणून मान वळून राहिली तो वेळ वेगळ्या रकान्यात.

शब्दांचा घोळही निस्तरला. एका तक्त्यात घुरघुर, दुसऱ्यात गुरगुर. घुरघुर म्हणजे सुखानं किंवा मागणीसाठी घशात वाजणारं; गुरगुर म्हणजे ‘जवळ येऊ नकोस’. एका अक्षराच्या चुकीनं लाडाची नोंद धमकीची होते. आता घु-१, गु-१ असे संकेत, आणि हातानं टाइप करायचं नाही, यादीतून निवडायचं.

शनिवार, २४ ऑगस्ट

नावाची चाचणी. साइतो यांच्याच गटानं २०१९ मध्ये दाखवलं की मांजरं आपलं नाव तितक्याच लांबीच्या इतर शब्दांतून वेगळं ओळखतात, परक्यानं उच्चारलं तरी. चार साधे शब्द, पाचवं नाव. लांबी आणि हेल सारखा हवा.

‘चिंगी’साठी दोन अक्षरी, ईकारान्त शब्द काढले: वाटी, गादी, काठी, पाटी, शाई. सत्राआधी घरच्यांना यादी दाखवली आणि निम्मी खोडावी लागली. वाटी: तिचं दूध-पाणी वाटीतच, रोज तोंडात. गादी: ‘गादीवरून उतर’ दिवसातून चारदा. काठी: पडदा सरकवायची काठी, तिच्यामागे ती धावते. घरातल्या मांजराला कोणते शब्द ‘निरर्थक’ आहेत हे बाहेरून ठरवता येत नाही. शेवटी शाई, पाटी, कढई, वही यांवर आलो. कढई तीन अक्षरी म्हणून काढून ‘खाडी’ घेतली.

चिंगीनं नावाला कान वळवले, मनीच्या नावालाही तितकेच वळवले. कारण शोधायला लांब जावं लागलं नाही. घरात जेवणाची हाक ‘मनी-चिंगी या’ अशी एकत्र असते. दोघींसाठी दोन्ही नावं ताटलीचीच. जपानी कामातही मांजर-कॅफेतल्या मांजरांना आपलं नाव आणि सोबतच्या मांजरांची नावं वेगळी काढता आली नव्हती. घरातल्यांना येत होती. आजपासून या घरात ताटल्या दोन कोपऱ्यांत, नावं वेगवेगळी, मध्ये पाच-दहा सेकंद.

रविवार, १ सप्टेंबर

लाडिक बोलणं. पॅरिस-नांतेर विद्यापीठातल्या शार्लोत द मूझों यांच्या गटानं १६ मांजरांवर केलेलं काम (२०२२): मालक मोठ्या माणसाशी बोलायच्या सुरातून मांजराशी बोलायच्या सुरात आला की मांजरं लक्ष देतात, परक्यानं तोच सूर लावला तर नाही.

आमच्या फायलींत एकच वाक्य दोन सुरांत: ‘खेळायचंय का?’ मोठ्यांशी बोलताना जसं, आणि ‘खेळाऽयचंय काऽ?’ तिच्याशी बोलताना जसं. ‘सोनुली’, ‘बाई गं’ वगैरे जोड काढून टाकले, नाहीतर शब्द आणि सूर यांची गल्लत होते. तांबूनं सुराच्या बदलाला मान वळवली आणि पुढचा पंजा अर्धा उचलून धरला. परक्याच्या लाडाला एक कान. काळूच्या फितीत नेमका त्याच क्षणी गॅसवाला दार वाजवून गेला.

७ ते १७ सप्टेंबर

गणपती ते अनंत चतुर्दशी, काम बंद. घरांना दिलेली सूचना: आरती-झांजांच्या वेळी एक आतली खोली बंद, त्यात ट्रे, पाणी, एक खोका आणि घरच्या माणसाचा वापरलेला टॉवेल. पाहुण्यांना दाखवायला मांजर बाहेर काढायचं नाही. दुर्वा खाऊन ओकलं तर घाबरायचं कारण नाही, पण हाराची दोरी आणि जरीचा धागा गिळला तर ओढून काढायचा नाही, थेट डॉक्टरांकडे.

शनिवार, २१ सप्टेंबर

घुरघुर. कॅरेन मॅक्‌कोम्ब यांनी ससेक्स विद्यापीठात २००९ मध्ये दाखवलं: खाणं मागताना काही मांजरांच्या खालच्या घुरघुरीत एक उंच, रडवेला सूर मिसळलेला असतो, साधारण ३८० हर्ट्झच्या आसपास, आणि मांजर न पाळलेल्यांनाही ती जास्त निकडीची वाटते. मनी सकाळी सहाला बाईंच्या उशाशी जी घुरघुर करते ती तीच का, हे बघायचं होतं.

पहिल्या मुद्रणात घुरघुर जवळपास नव्हतीच. फोन बोलण्याचा आवाज स्वच्छ करतो आणि एकसारखी घुरघुर त्याला पंख्यासारखीच खरखर वाटते, म्हणून पुसून टाकतो. कच्चा आवाज देणारं ॲप लावलं, माइक १५ सेंटीमीटरवर. वर्णपट (आवाजातल्या कंपनसंख्यांचा आलेख) काढताना खिडकी, म्हणजे एका वेळी मोजायचे नमुने, २०४८ ठेवली होती. त्यात आलेखाचा एक कप्पा साडेएकवीस हर्ट्झचा पडतो आणि २५-३० हर्ट्झची पायाची घुरघुर धुरकट दिसते. १६३८४ वर २.७ हर्ट्झचा कप्पा मिळतो. आता खालच्या पट्ट्या मोजता येतात, आणि सकाळच्या फाइलीत त्यांच्या वर एक जाड रेघ उमटते. दुपारच्या, मांडीवरच्या फाइलीत ती नाही. एका मांजराच्या दोन फायली आहेत, एवढंच.

रविवार, २९ सप्टेंबर

डोळे आणि स्पर्श. २०२० चं ससेक्सचंच काम: माणसानं हळू डोळे मिटले की मांजरंही डोळे किलकिले करतात, आणि परक्यानं तसं केल्यावर त्याच्या पुढे केलेल्या हाताकडे जास्त येतात.

कृती: जमिनीवर, एक मीटरवर, तिरकं बसायचं. टक लावायची नाही. पापण्या सावकाश अर्ध्या आणायच्या, मग पूर्ण मिटायच्या, सावकाश उघडायच्या. पाच-सहा सेकंद थांबून पुन्हा. चूक होते ती वेगात. पटकन मारलेली पापणी मांजर हिशोबात धरत नाही. उन्हाकडे तोंड असलेल्या मांजराचे डोळे तसेही बारीक असतात, ते उत्तर नव्हे.

स्पर्शाला नियम: बोट पुढे, नाकाच्या उंचीवर, थांबायचं. गाल घासला तरच हात. गाल, हनुवटी, कानांची मुळं. पोट आणि शेपटीचं मूळ नाही. तीन सेकंद, मग हात उचलायचा आणि बघायचं: पुन्हा डोकं पुढे आलं तर आणखी तीन. पाठीची कातडी थरथरली, शेपटीचं टोक आपटलं, कान बाजूला गेले, की संपलं. झुरिचच्या डेनिस टर्नर यांच्या कामात मांजरानं सुरू केलेली जवळीक माणसानं सुरू केलेल्यापेक्षा जास्त वेळ टिकते असं निघालं होतं. घर ध मधल्या मुलांना हे तीन सेकंद मोठ्यानं मोजायला लावले, आणि काळू पहिल्यांदाच त्यांच्यापासून उठून गेला नाही.

शनिवार, ५ ऑक्टोबर

चिंगीचं नाव दुरुस्त करणं. तिच्या फितींत घरच्या हाकेला कान वळतात आणि लगेच मागे चिकटतात, अंग खाली जातं. विचारल्यावर कळलं: गोचिडांचं औषध, नखं, पिंजरा, सगळ्यासाठी ‘चिंगी ये’ म्हणूनच धरलं जातं. आवाज तिला पक्का ओळखू येतो, म्हणूनच ती पलंगाखाली जाते.

‘चिंगी ये’ महिनाभर वापरायचं नाही. नवी हाक ‘टिंगूऽ’, घरात कुणाच्याच नावाशी न जुळणारी. एक हात अंतर. हाक एकदाच, दोन सेकंदांच्या आत मटारच्या दाण्याएवढा उकडलेल्या कोंबडीचा तुकडा, मीठ-कांदा-लसूण नाही. सुकट नको, खारी निघते. पाच वेळा, दिवसातून दोनदा, जेवणाआधी. पाचपैकी चार वेळा मान लगेच वळली की अंतर दोन हात, मग खोलीच्या टोकापासून, मग दुसऱ्या खोलीतून. आली नाही तर पुन्हा हाक नाही. पाठोपाठ चार हाका मारल्या की ती चौथीची वाट बघायला शिकते. त्या वेळी अंतर एक पायरी कमी.

औषध-नखांच्या वेळी कोणतीही हाक नाही. गप्प जवळ जायचं, टॉवेल, काम, सोडून द्यायचं. पिंजऱ्याचं झाकण काढून तो दिवाणखान्यात भिंतीशी ठेवला आहे, आत तिची जुनी चादर. चिंगी आज दोनदा त्याच्या काठाशी हुंगून गेली. आत गेली तरी झाकण लावायचं नाही, दसऱ्यानंतरच बघायचं.